पगारातून वळतं

हॉटेलात गिऱ्हाइकाच्या हातून काचेचा ग्लास पडला, तर मॅनेजर हसतच येतो. "असू द्या साहेब, होतं असं." पोऱ्या फडकं घेऊन धावतो, काचा गोळा होतात, दुसरा ग्लास येतो आणि बिलात त्याचा उल्लेखही नसतो. तोच ग्लास वेटरच्या ट्रेवरून घसरला, तर महिनाअखेरीस त्याच्या पगारातून तेवढे पैसे वळते होतात. ज्याला जेवणभर एकच ग्लास सांभाळायचा आहे त्याला माफी, आणि ज्याला रविवारच्या गर्दीत ओल्या फरशीवरून शेकडो ग्लास न्यायचे-आणायचे आहेत त्याला भुर्दंड. पाट्या लावण्याची एवढी हौस असलेल्या या शहरात हा नियम मात्र कुठल्या भिंतीवर लिहिलेला दिसत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. काम करताना, मनात काही नसताना, माणसाच्या हातून वस्तू फुटली, गाडी घासली, मशीन ठोकलं गेलं, तर तो खर्च धंद्याचा. भाडं, वीजबिल, घसारा लिहितात त्याच वहीत तो लिहायचा. कामगाराच्या पगारातून तो काढायचा नाही. अर्धा नाही आणि 'सोयीने, हप्त्याहप्त्याने' तर नाहीच. याला अपवाद आहेत, त्यांच्याकडे येईनच.

पुण्यात हा विषय काढायला एक सोय आहे. उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही, कारण हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात रोज जाणाऱ्या हजारो लोकांना ते तोंडपाठ आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात कोणाच्या तरी हातून चालू यंत्रणा आडवी होणं ही नवलाई नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने बिलिंगच्या यंत्रणेतली अडचण शोधताना एक आज्ञा चुकीची टाइप केली. काढायचे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर बाहेर गेले आणि असंख्य वेबसाइट काही तास लंगड्या झाल्या. कंपनीने नंतर जे निवेदन काढलं त्यात त्या माणसाचं नाव नव्हतं. आमचं साधन एवढे सर्व्हर एवढ्या झटपट काढू देत होतं, ते आम्ही बदललं आहे, असं त्यात होतं. त्याच्या चार आठवडे आधी, ३१ जानेवारीला, गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतल्या इंजिनिअरने रात्री उशिरा भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. चूक लक्षात येऊन थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपचे पाच मार्ग कागदावर होते, ऐन वेळी एकही धड चालेना. कंपनीने दुरुस्तीचं काम जगाला थेट दाखवलं. त्या माणसाची नोकरी शाबूत राहिली.

या पद्धतीला त्या धंद्यात ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतात. कोणी केलं यापेक्षा हे होऊ कसं शकलं, याची बैठक. आपल्याकडची मुलं-मुली अशा बैठकांत बसतात, मुद्दे लिहून काढतात, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते ठरवतात. सुधारलेली गोष्ट आहे, मी तिची टिंगल करत नाही. टिंगल करावीशी वाटते ती शनिवारी सकाळी, जेव्हा त्याच घरात मिक्सरचं भांडं सिंकमध्ये पडून त्याला तडा जातो आणि बैठकीतली सगळी सभ्यता बाजूला राहून वाक्य येतं, "मावशी, बाराशेचं होतं हो ते. पुढच्या पगारात बघू." ओट्यावर पाणी का साचतं, भांड्याचं हँडल कधीपासून ढिलं होतं, दोन तासांची कामं सव्वा तासात उरकायला कोणी लावलं, यातलं काहीच विचारलं जात नाही. तिथे पोस्टमॉर्टेम थेट मावशींचंच होतं.

कोट्यवधींचं नुकसान करणाऱ्या माणसाकडून कोणी वसुली करत नाही, कारण ती होऊच शकत नाही. बाराशे रुपयांची होते, कारण पगार आपल्याच हातात असतो आणि समोरची बाई फार तर मान खाली घालील. नुकसान जितकं लहान आणि माणूस जितका गरीब, तितकी वसुली पक्की. याला न्याय म्हणायचं तर सोय कशाला म्हणायचं?

कायदा काय म्हणतो ते बघू, कारण 'आमच्याकडे नियमच आहे' असं सांगणारे बरेच भेटतात. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात पगारातून काय कापता येतं याची यादी होती, आणि तीच कलमं थोड्याफार फरकाने २०१९ च्या वेतन संहितेत आली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुना कायदा ठरावीक पगाराच्या खालच्यांनाच लागू होता, २०१७ पासून ती मर्यादा महिना २४ हजार होती; संहितेने ती काढून टाकली. नुकसानीबद्दल कपात करता येते, हे खरं. पण शब्द नीट वाचायला हवेत. माल त्या कामगाराच्या ताब्यात सांभाळण्यासाठी स्पष्टपणे सोपवलेला हवा. नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झालेलं हवं. कपातीआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यायला हवी. रक्कम प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नको. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जायला नकोत. आणि हे रजिस्टरमध्ये लिहायला हवं. दंड हा वेगळा प्रकार. तो पगाराच्या तीन टक्क्यांवर नेता येत नाही, आणि दंडाचा पैसा मालकाच्या गल्ल्यात जात नाही, कामगारांच्या हितासाठीच खर्च करावा लागतो.

आता ही मोजपट्टी घेऊन लक्ष्मी रोडवरच्या दुकानात, सातारा रोडवरच्या गॅरेजमध्ये, कॅटरिंगवाल्याच्या गोदामात जा. बाजू मांडायची संधी म्हणजे "आता काय बोलायचंय तुला?" आणि रजिस्टर म्हणजे मालकाची डायरी. नोकरीवर घेताना शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सही घेतलेली असते की होणाऱ्या सर्व नुकसानीस मी जबाबदार राहीन. स्टॅम्प पेपरवर आपल्या लोकांची गाढ श्रद्धा आहे. पण करारात अमुक रक्कम भरीन असं लिहून दिलं, तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईपुढे जाता येत नाही, आणि पगारातली कपात वेतनाच्या कायद्यात बसवल्याशिवाय करता येत नाही. सही घेतली म्हणून कायदा बाजूला सरत नाही. हे कामगाराला माहीत नसतं आणि मालकाला माहीत करून घ्यायचं नसतं.

सरकारी नोकरीतही नुकसान वसूल करता येतं. महाराष्ट्र नागरी सेवा शिस्त व अपील नियम, १९७९ मध्ये ती एक शिक्षाच आहे. पण तिथे नोटीस येते, खुलासा द्यावा लागतो, वर अपील करता येतं. लेखी खुलासा हा शब्द चेष्टेचा झाला असला, तरी गॅरेजमधल्या पोराच्या वाट्याला तेवढाही येत नाही.

कापलेली रक्कम एका महिन्यात मावली नाही, तर ती 'उचल' होते. हा प्रकार मला सगळ्यांत घातक वाटतो. ड्रायव्हरने मालकाच्या गाडीचा दरवाजा खांबाला घासला, डेंटिंग-पेंटिंगचे नऊ हजार झाले, तर महिना दीड हजाराप्रमाणे सहा महिने. त्या सहा महिन्यांत त्याला दुसरीकडे दोन हजार जास्त मिळत असले तरी सोडून जाता येत नाही, कारण 'आधी हिशेब मिटव'. तिसऱ्या महिन्यात मुलाच्या फीसाठी तो खरीच उचल घेतो आणि दोन्ही रकमा एकात एक मिसळतात. पुढे कुठली नुकसानीची आणि कुठली फीची, ते मालकालाही सांगता येत नाही.

आणि गाडीचा विमा असतो. गंमत तिथेच आहे. पंधराशे सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला दर दाव्यामागे मालकाने स्वतः सोसायची सक्तीची रक्कम हजार रुपये असते, त्यावरच्या गाडीला दोन हजार. बाकीचं, सुट्या भागांचा घसारा वजा जाता, विमा कंपनी देते. मग मालक दावा का करत नाही? कारण दावा न केल्याबद्दल पुढच्या वर्षीच्या हप्त्यात सूट मिळते, पहिल्या वर्षी २० टक्के आणि वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्के. दावा केला की ती जाते. म्हणजे ड्रायव्हर आपल्या पगारातून मालकाची हप्त्यावरची सूट सांभाळत असतो. हे त्याला कोणी सांगत नाही, आणि सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं हा प्रश्नच आहे.

भोसरीत, चाकणला हा हिशेब आकड्यांनी मोठा होतो, म्हणून तो बारकाईने बघण्यासारखा आहे. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञांवर चालणाऱ्या, लेथवर प्रोग्रॅममध्ये हत्यार जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, तोंडासमोर पाच मिलिमीटरवर आणून थांबवायचं असतं. त्यासाठी झेड ५ लिहितात आणि पुढे टिंब देतात. हे टिंब राहिलं, तर बऱ्याच कंट्रोलरवर, सेटिंग तसं असेल तर, मशीन ते पाच मिलिमीटर असं वाचत नाही. पाच मायक्रॉन असं वाचतं, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कच्च्या जॉबच्या तोंडावर मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्तीचा माल असतोच. रॅपिडमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात, निघालेलं हत्यार फिरत्या जॉबवर जाऊन आदळतं. इन्सर्टचा, म्हणजे हत्याराच्या कापणाऱ्या टोकाचा, चुरा, ते धरणारा होल्डर वाकडा, हत्यारं बसवलेल्या टरेटची जागा हललेली, आणि नशीब वाईट असेल तर जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलच्या बेअरिंगलाही दणका. आवाज सगळ्या शेडला ऐकू जातो आणि त्यानंतरची शांतता त्याहून जास्त. ऑपरेटर विशीतला, आयटीआय झालेला, दुसऱ्या पाळीचा अकरावा तास चाललेला.

आता मालकापुढे दोन रस्ते असतात. एक, पोराला बोलवायचं, आईबहिणीचा उद्धार करायचा आणि पगारातून हप्ते सुरू करायचे. स्पिंडलच्या दुरुस्तीचा आकडा लाखात असू शकतो, पोराचा पगार हजारात. निम्मा पगार कापला तरी ते फेडायला वर्षं जातील; तो अर्थात दुसऱ्या महिन्यातच गावाला निघून जाईल. पैसे येणार नाहीत, शिकलेला माणूस मात्र जाईल, आणि टिंब विसरण्याची शक्यता नव्या पोरासकट मशीनवर तशीच राहील. दुसरा रस्ता म्हणजे कंट्रोलरचं एक पॅरामीटर बदलायचं, की टिंब नसलं तरी पाच म्हणजे पाच मिलिमीटरच. प्रोग्रॅमला हात लागला की पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकेका ओळीला थांबत, रॅपिड पंचवीस टक्क्यांवर ठेवून, मशीन लावून देणाऱ्या सेटरच्या देखत काढायचा. दुसऱ्या पाळीला सेटर ठेवायचा, जो नेमका पगार वाचवण्यासाठी ठेवलेला नसतो. पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या भिंतीवर पोका-योकेचे तक्ते लागलेले आहेत. चूक होऊच नये अशी रचना करा, असं त्यावर लिहिलेलं असतं. ती रचना करायची जबाबदारी ज्याच्या हातात पॅरामीटरचा पासवर्ड आहे त्याची, की ज्याला बटणं दाबायला ठेवलं आहे त्याची?

इथे छोट्या मालकाची बाजू मांडायलाच हवी. दोन मशीन, दोन्ही कर्जावर, गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देणारं, वर ठोकलेलं मशीन पंधरा दिवस बंद. तो म्हणतो, मला कोण भरून देणार? प्रश्न खरा आहे. भल्यामोठ्या कंपनीच्या धोरणांची उदाहरणं त्याच्या तोंडावर मारणं सोपं असतं आणि म्हणून ते टाळावं. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे, फक्त ते ऑपरेटरच्या खिशात नाही. बँक कर्ज देताना आगीची पॉलिसी घ्यायला लावते. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आहे. ती आग, पूर, भूकंप यांसाठी. मशीनच्या अंतर्गत मोडतोडीसाठी मशिनरी ब्रेकडाउन ही वेगळी पॉलिसी असते, आणि कामगाराची हयगय किंवा अननुभव यातून झालेली मोडतोड तिच्यात सहसा धरलेली असते. ती घेतली जात नाही, कारण बँक मागत नाही. विम्याचा हप्ता वाचवायचा आणि धोका बारा-पंधरा हजार पगाराच्या माणसावर टाकायचा, असा तो निर्णय असतो. निर्णय म्हणून कोणी घेतलेला नसला, तरी असतो.

जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली नेमकं हेच बोट ठेवलं. कोळसा आणि तेलाचा धंदा असलेल्या एका कंपनीचा ड्रायव्हर एरवी छोटा ट्रक चालवायचा. टँकर त्याच्याकडे अधूनमधून यायचा. एकदा टँकर पुढच्या गाडीवर आदळला. कंपनीने समोरच्याला भरपाई दिली आणि ती, शिवाय स्वतःच्या टँकरचा खर्च, ड्रायव्हरकडे मागितला. खर्च वाचवण्यासाठी कंपनीने ना समोरच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा घेतला होता, ना टँकरचा. न्यायालयाने धंद्याचं स्वरूप, पगार, कामाच्या अटी, विम्याची काळजी घेतली होती का, हे सगळं बघून सांगितलं की कंपनीला एक चतुर्थांशापेक्षा जास्त मागता येणार नाही. जर्मनीतल्या कामगार न्यायालयांनी तीन पायऱ्या केल्या आहेत. किरकोळ हयगय असेल तर कामगारावर काहीच नाही, मध्यम असेल तर परिस्थिती बघून वाटणी, आणि घोर हयगय किंवा मुद्दाम केलेलं असेल तर सहसा सगळं त्याच्यावर.

उलटा निकालही आहे, आणि तो जास्त बोलका आहे. १९५७ साली ब्रिटनमध्ये लिस्टर नावाच्या लॉरी ड्रायव्हरचं प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं. लॉरी मागे घेताना त्याने ज्या मदतनिसाला जखमी केलं तो त्याचा बापच होता, त्याच कंपनीत कामाला. विमा कंपनीने बापाला भरपाई दिली आणि मग कंपनीच्या नावाने मुलावर वसुलीचा दावा लावला. तीन विरुद्ध दोन मतांनी मुलगा हरला. काळजीपूर्वक काम करण्याचं त्याचं कर्तव्य होतं आणि ते मोडल्याची भरपाई त्याने द्यायला हवी, असं ठरलं. कायद्याच्या तर्कात हे बसलं, पण लोकांच्या गळ्याखाली उतरेना. ओरड झाली, आणि शेवटी विमा कंपन्यांनीच आपसात ठरवून टाकलं की संगनमत किंवा मुद्दाम केलेलं कृत्य नसेल, तर आम्ही असे दावे लावणार नाही. दावा जिंकलेल्यांनाच तो जिंकणं परवडलं नाही.

आपल्याकडे अर्धा तर्क मान्य होऊन जमाना झाला. उदयपूरला सरकारी जीप दुरुस्तीहून परत आणताना ड्रायव्हरच्या हयगयीने एक पादचारी दगावला, तेव्हा १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला भरपाई द्यायला लावली, इतर कुठल्याही मालकासारखी. काम ज्याचं, फायदा ज्याचा, जोखीम त्याची. बाहेरच्या माणसापुढे आपण हे मानतो. मग तेच नुकसान मालकाच्या स्वतःच्या वस्तूचं झालं की जोखीम एकदम ड्रायव्हरची कशी होते? नफ्याच्या वर्षी त्याला हिस्सा मिळाला होता का?

'धाक राहणार नाही' हा शेवटचा आक्षेप, आणि खरं तर पहिला. पैसे भरावे लागले नाहीत तर लोक बेफिकीर होतील, रोज काहीतरी फोडतील. मला ही भीती पोकळ वाटते, कारण काम करणाऱ्याला स्वतःच्या हाताची लाज असते. मशीन ठोकलेला ऑपरेटर त्या रात्री जेवत नाही. धाकाने बेफिकिरी कमी होत असेल-नसेल, लपवाछपवी मात्र हमखास वाढते.

याचं उदाहरण पुण्याच्या रस्त्यांवर रोज खणलं जातंय. एका कंपनीची केबल टाकायला जेसीबी येतो, ऑपरेटर ठेकेदाराचा किंवा ठेकेदाराच्या ठेकेदाराचा. खाली पाण्याची लाइन, ड्रेनेज, वीज, गॅस, चार कंपन्यांच्या फायबर. कुठे काय आहे याचा नकाशा ऑपरेटरच्या केबिनमध्ये नसतो. सुपरवायझर फूटपाथवरून "घे, घे, अजून घे" म्हणत असतो. बकेटचा दात गॅसच्या पिवळ्या पाइपला घासला, पाइप फुटला नाही, नुसता ओरखडा पडला. आता हे सांगायचं की नाही? सांगितलं तर काम थांबणार, कंपनीची माणसं येणार, बिल ठेकेदारावर आणि तिथून घरंगळत त्याच्या रोजावर. न सांगितलं तर माती लोटायला अर्धं मिनिट लागतं. धाक जेवढा मोठा, तेवढी माती लोटली जाण्याची शक्यता जास्त. खणण्याआधी जमिनीखालच्या लाइनींच्या मालकांना कळवता यावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आणलं. पण अ‍ॅप वापरायचं खणण्याचं काम काढणाऱ्याने. ऑपरेटरच्या रोजातून पैसे कापून त्याच्या साहेबाच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप कसं उतरणार, ते मला कळलेलं नाही.

अपवाद. मुद्दाम केलेलं नुकसान, चोरी, दारू पिऊन गाडी हाकणं, दोनदा लेखी ताकीद देऊनही संरक्षक गार्ड काढून मशीन चालवणं, यांना मी अपघात म्हणत नाही. तिथे चौकशी करा, कामावरून काढा, मुद्दाम असेल तर पोलिसात जा. तरीही चौकशी आधी आणि कपात नंतर, हा क्रम सोडायचा नाही. आणि घोर हयगय असली तरी नव्या वस्तूच्या किमतीचं बिल सात वर्षं वापरलेल्या वस्तूसाठी फाडायचं नाही. घसारा इन्कम टॅक्सला दाखवताना आठवतो, वसुलीच्या वेळी विसरतो, ही चलाखी फार चालते.

रोख रकमेचं थोडं वेगळं आहे. बँकेत कॅशिअरच्या काउंटरवर पैसे कमी भरले तर तो आपल्या खिशातून भरतो, ही जुनी रीत आहे. पण त्या खुर्चीसाठी त्याला वेगळा भत्ता मिळतो. धोका घे, त्याचे पैसे घे. हा व्यवहार मला मान्य आहे. पेट्रोल पंपावर नोटा मोजणाऱ्या पोराला कसलाही भत्ता नसतो, तूट मात्र त्याची. डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलं तर टाकी रिकामी करण्याचा खर्चही त्याचाच. ज्यांना कामगाराने जोखीम उचलायला हवी असेल त्यांनी आधी तिची किंमत पगारात घालावी. मग बघू किती जणांना ती उचलून हवी आहे.

आणि घरकाम. वेतन संहिता आस्थापनेतल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. आपलं घर ही आस्थापना नव्हे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो नोंदणी आणि लाभांचा, फुटलेल्या कपबशांचा नव्हे. म्हणजे वेटरला निदान कागदावर जे संरक्षण आहे, ते मावशींना तेवढंही नाही. याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, पगारवाढ आणि आजारपणाची रजा यांसाठी. कामाच्या बायका संप करतात हे बघून सदाशिव-नारायण पेठांपासून डेक्कनपर्यंत भले भले गांगरले होते म्हणतात. रजेचा प्रश्न त्यानंतर निदान बोलण्यात तरी आला. फुटक्या भांड्याचा अजून आला नाही. तो प्रत्येक स्वयंपाकघरात एकटा-एकटा सुटतो, बहुतेक वेळा एकाच बाजूने.

चांगलं वागणारी घरंही आहेत, हे सांगायला हवं. "फुटलं तर फुटलं, हाताला लागलं नाही ना?" असं विचारणाऱ्या आज्या या शहरात अजून आहेत. पण कोणाचा पगार कोणाच्या आजीच्या स्वभावावर अवलंबून असू नये.

सोसायट्यांच्या बाबतीत मात्र स्वभावावर अवलंबून राहायची गरज नाही, कारण तिथे करार असतो. वॉचमन, हाउसकीपिंग, माळी हे एजन्सीमार्फत येतात, आणि करारात सहसा एक कलम असतं की एजन्सीच्या माणसांकडून झालेलं नुकसान एजन्सी भरून देईल. वाचायला अगदी रास्त. एजन्सी ते पुढे ढकलते आणि लॉबीची काच पुसताना शिडी आदळली म्हणून हाउसकीपिंगच्या बाईचे सोळा दिवस जातात. कमिटीला हे कळतही नाही. त्यांच्या दृष्टीने एजन्सीने बिलात वजावट दिली, विषय संपला. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. पार्किंग आणि कुत्रे यांच्यावर नेहमीचे दोन तास गेल्यावर पाच मिनिटं उरली, तर करारात एक ओळ घालायचा ठराव कोणीतरी मांडावा: कामाच्या ओघात अनवधानाने झालेल्या नुकसानीपोटी एजन्सीने कर्मचाऱ्याच्या वेतनातून कोणतीही कपात करू नये, आणि तशी केल्याचं आढळल्यास तेवढी रक्कम एजन्सीच्या बिलातून वळती करून त्या कर्मचाऱ्याला थेट द्यावी. पाच हजारांपर्यंतची मोडतोड सोसायटीने दुरुस्तीच्या खात्यातून करावी, त्यावरची एजन्सीच्या विम्यातून. आमच्या सोसायटीत हा ठराव यंदा विषयपत्रिकेवर घ्यायला सचिवांना लेखी दिलं आहे. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग काच कोण भरणार?" दोनशे फ्लॅट आहेत. काच साडेचार हजारांची होती.